पडला नाही आणि मोजला नाही

भोरहून महाडला जाणारा रस्ता नीरा देवघरच्या जलाशयाला धरून वरंधा घाटाकडे चढत जातो. हिर्डोशी याच पट्ट्यात आहे. हा हिरडस मावळ, बांदल देशमुखांचा मुलूख. जुलैत इथं कोसळणारा पाऊस नीरा देवघर धरणात उतरतो. त्याचा साठा ११.७३ टीएमसी. शेजारी वेळवंडीवर भाटघर, २३.५० टीएमसी. वेल्ह्याकडे गुंजवणी, ३.६९. आणि या सगळ्यांचं पाणी जिथं येऊन मिळतं ते वीर, ९.४१. ही धरणं भरत आली की वीरमधून नीरेत विसर्ग सुरू होतो, ते पाणी नीरा नरसिंहपूरला भीमेत शिरतं आणि पंढरपूरला चंद्रभागा चढू लागते. हिर्डोशीचा पाऊस आणि पंढरपूरचा पूर यांच्यामध्ये नदी वाहते, तसे संदेशही वाहत असतात. वाळवंटातल्या राहुट्या कधी हलवायच्या, दरवाजे किती फुटांनी उचलायचे, कुठल्या गावाला आधी कळवायचं, हे सगळं त्या संदेशांवर ठरतं. म्हणून ते संदेश एका यंत्रणेच्या भाषेतून दुसरीच्या भाषेत कोण नेतं आणि ते काम करायची मुभा कुणाला असते, हा माझ्या मते सॉफ्टवेअरवाल्यांचा घरगुती प्रश्न राहिलेला नाही.

पाऊस मोजणारे अनेक आहेत. धरणांच्या पाणलोटात जलसंपदा विभागाचे पर्जन्यमापक असतात. कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी या विभागाने जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात पाऊस आणि पाणीपातळी आपोआप कळवणारी केंद्रं उभारली. हवामान खात्याची वेधशाळा वेगळी, आणि महसूल मंडळांत ‘महावेध’ प्रकल्पाची दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रं वेगळी. प्रत्येकाची यंत्रं वेगळी, पाठवायची तऱ्हा वेगळी, दिवस मोजायची वेळही वेगळी असू शकते. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. १५ जुलैला सकाळी दहा वाजता कोसळलेली सर त्या हिशेबात १६ जुलैच्या नोंदीत जाते. दुसऱ्या कुणी मध्यरात्र ते मध्यरात्र असा दिवस धरला, तर तीच सर १५ तारखेला पडते. दोघेही खरं सांगत आहेत. त्यांचे आकडे एकाच तक्त्यात शेजारी ठेवणारा मात्र चुकू शकतो.

आकड्यांच्या एककांचंही तेच. वर्तमानपत्रात टीएमसी छापलं जातं, खात्याच्या कागदावर दशलक्ष घनमीटर असतं. नीरा देवघरचे ११.७३ टीएमसी म्हणजे सुमारे ३३२ दशलक्ष घनमीटर. विसर्ग गावकऱ्यांना क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट) कळतो, पुराचं गणित करणाऱ्या प्रतिमानाला तो क्युमेकमध्ये (सेकंदाला घनमीटर) लागतो. दहा हजार क्युसेक म्हणजे जेमतेम २८३ क्युमेक. नुसता आकडा पुढे सरकला आणि एकक मागे राहिलं, तर पस्तीसपट फरक पडतो.

अशा अनेक बोलणाऱ्यांच्या आणि ऐकणाऱ्यांच्या मध्ये जे सॉफ्टवेअर बसतं त्याला ब्रोकर म्हणतात. पाठवणारा त्याच्याकडे संदेश सोपवतो, ज्याने त्या विषयासाठी नाव नोंदवलं असेल त्याच्याकडे ब्रोकर तो पोचवतो. पाठवणाऱ्याला घेणारे ठाऊक असायची गरज नाही, घेणाऱ्यालाही पाठवणारा माहीत नसला तरी चालतं. या कल्पनेच्या इतिहासात एक मराठी नाव ठळक आहे. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेत टेकनेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स उभी केली. संगणकाच्या आत वेगवेगळ्या पट्ट्या एका बसला जोडल्या जातात, तशी वेगवेगळी सॉफ्टवेअरं जोडणारी एक बस का असू नये, हा त्यांचा प्रश्न होता. तिचा पहिला मोठा उपयोग वॉल स्ट्रीटच्या व्यवहार-दालनांत झाला. पुढे १९९७ मध्ये टिबको ही कंपनी झाली. पण मला त्या कंपनीच्या भरभराटीपेक्षा १९९३ चा एक शोधनिबंध महत्त्वाचा वाटतो. टेकनेक्रॉनमधल्या ब्रायन ओकी, डेल स्कीन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ‘इन्फर्मेशन बस’ची रचना त्यात मांडली. मधल्या गाभ्याने कमीत कमी अर्थ जाणावा, संदेशाने आपली ओळख आपणच सांगावी, नवे प्रकार चालत्या यंत्रणेत घालता यावेत, आणि बोलणाऱ्याने ऐकणाऱ्याला ओळखायची गरज नसावी, ही त्यातली चार सूत्रं. जुन्या, हट्टी यंत्रणांना बसशी जोडायला त्यांनी काठावर अ‍ॅडॉप्टर ठेवले. गाभ्याला त्यांनी हात लावला नाही.

काठावरच्या त्या भागाला मी इथं दुभाष्या म्हणतो. ग्रेगर होपे आणि बॉबी वुल्फ यांनी २००३ मध्ये यंत्रणा एकमेकींना जोडण्याच्या पद्धतींचं जे पुस्तक लिहिलं, त्यात त्याला स्वतंत्र स्थान आहे. त्याचं काम वरवर पाहता साधं असतं. एका रूपातला संदेश घ्यायचा आणि दुसऱ्या रूपात द्यायचा. मिलिमीटरचे किलोग्रॅम प्रति चौरस मीटर करायचे (पावसाच्या बाबतीत आकडा तोच राहतो), सेल्सिअसमध्ये २७३.१५ मिळवायचे, भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करायचे. ब्रोकरची लायब्ररी लिहिणाऱ्याला वाटतं, असे वीस-पंचवीस दुभाषे सोबत दिले की झालं.

तसं होत नाही. हवामानशास्त्राच्या जगात सिनॉप नावाचा जुना संकेत आहे. आकड्यांचे पाच-पाचचे गट, तारेच्या काळात घडलेले. त्यात पावसासाठी तीन अंकांची जागा आहे. तिथं ०४५ असेल तर ४५ मिलिमीटर. पण ९९० असेल तर नऊशे नव्वद मिलिमीटर नव्हे, मोजता न येण्याइतका पावसाचा अंश. ९९१ म्हणजे एक दशांश मिलिमीटर, ९९९ म्हणजे नऊ दशांश. हे ठाऊक नसलेला दुभाष्या भुरभुर पावसाला महाप्रलय ठरवतो. पुढे आणखी बारकावा आहे. पावसाचा गट संदेशात नसेल, तर तो का नाही हे सांगायला एक वेगळा अंक असतो. तो ३ असेल तर पाऊस शून्य होता म्हणून गट गाळला आहे. ४ असेल तर पाऊस मोजलाच गेला नाही म्हणून. गट दोन्ही वेळा गायबच असतो. पडला नाही आणि मोजला नाही, एवढा मोठा भेद त्या एका अंकावर उभा आहे.

हा भेद हिरडस मावळात, वेल्ह्यात, मुळशीत, सगळ्या घाटमाथ्यावर जीवनमरणाचा आहे. पाऊस सर्वांत जास्त कोसळतो तेव्हाच वीज जाते, मोबाइलचा टॉवर बंद पडतो, रस्ता खचतो. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत वरंधा घाट बंद पडला आणि घाटाखाली महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं, तेव्हा बाहेरच्या जगाला पहिली खबर एसटीच्या चालकाने दिली. गाव जागेवर दिसत नाही, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. कुठल्याही यंत्रणेतल्या रिकाम्या रकान्याला ते दिसलं नव्हतं. रिकाम्या जागी शून्य भरणं ही प्रोग्रॅमरची सवय असते. अनेक प्रोग्रॅमिंग भाषांत आकड्याचं मूळ मूल्य शून्यच असतं, म्हणून ती सवय कुणाच्या लक्षातही येत नाही. घाटात तिचा अर्थ इतकाच होतो, की ज्या रात्री सर्वांत जास्त पाऊस झाला तीच रात्र नोंदीत सर्वांत कोरडी दिसते.

दुभाष्याच्या कामाला मी निर्णयाचं काम म्हणतो ते यासाठी. मूळ संदेशात जे स्पष्ट नाही त्याबद्दल त्याला काहीतरी ठरवावं लागतं. आणि योग्य ठरवायला लागणारं ज्ञान ब्रोकरची लायब्ररी लिहिणाऱ्याकडे नसतं. ते पाऊस मोजणाऱ्याकडे असतं. पुण्यात पर्जन्यमापकांचं प्रमाणीकरण करणाऱ्या माणसाला ठाऊक असतं, की आपल्याकडे मापकाचं तोंड १०० चौरस सेंटिमीटरचंही असतं आणि २०० चंही, आणि एकाची मोजनळी दुसऱ्याला लावली की आकडा निम्मा किंवा दुप्पट होतो. स्वयंचलित मापकातली छोटी पात्रं भरून उलटतात आणि प्रत्येक उलटण्यागणिक ठरावीक पाऊस धरला जातो. मुसळधार पावसात पात्र उलटता उलटता थोडं पाणी बाहेर जातं आणि मोजणी कमी भरते. ही दुरुस्ती किती करायची, कुठल्या यंत्राला करायची, कंपनीने आतच केली आहे का, हे ज्याने ते यंत्र बसवलं आणि ज्याने त्याच्या शेजारी हाताने मोजण्याचा साधा मापक ठेवून तीन पावसाळे दोन्ही आकडे ताडून पाहिले, त्यालाच सांगता येतं.

तेव्हा माझं म्हणणं असं. ब्रोकरने दुभाषे आपल्या पोटात वाढवू नयेत. नवा दुभाष्या बाहेरून, गाभ्याला धक्का न लावता, आणि शक्यतो काठावरच्या माणसाला जोडता आला पाहिजे. ती सोय ही मूळ रचनेची अट असली पाहिजे, मागाहून ठिगळ लावून ती येत नाही.

ही गोष्ट प्रत्यक्षात कशी दिसते याचं सध्याचं सर्वांत चांगलं उदाहरण हवामानाच्याच जगातलं आहे. जागतिक हवामान संघटनेने आपली जुनी दूरसंचार व्यवस्था बदलून ‘विस टू’ नावाची नवी व्यवस्था आणली. २०२५ पासून देश तिच्याकडे वळू लागले. तिचा कणा एमक्यूटीटी या पद्धतीने चालणारे ब्रोकर आहेत. ही पद्धत १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलवाहिन्यांवर नजर ठेवण्यासाठी, महागड्या आणि अशक्त उपग्रह-जोडणीवर चालावी म्हणून बनवली होती. घाटातल्या अशक्त जोडणीला ती साजेशी आहे, यात नवल नाही. ज्या देशांना स्वतःची यंत्रणा उभारणं परवडत नाही त्यांच्यासाठी ‘विस टू बॉक्स’ नावाचं पायथॉनमधलं मुक्त सॉफ्टवेअर तयार केलं गेलं. त्यात सीएसव्ही फाइलचं जागतिक संकेतात रूपांतर करणारा एक दुभाष्या आहे, सिनॉपसाठी दुसरा आहे. ९९० चा खरा अर्थ त्या दुसऱ्याच्या आत राहतो, ब्रोकरला तो कळायची गरजच नाही. आणि यांपैकी काहीच तुमच्या यंत्राला जुळत नसेल, तर तुमचा दुभाष्या तुम्ही लिहू शकता. दिलेल्या पायाभूत क्लासपासून आपला क्लास काढायचा, रूपांतराची एक मेथड भरायची, आणि कुठल्या प्रकारची फाइल आली की कुठल्या दुभाष्याला हाक मारायची ते मॅपिंगच्या यादीत लिहायचं. गाभ्यातली एकही ओळ बदलावी लागत नाही. बर्ट्रांड मेयर यांनी १९८८ मध्ये सांगितलेलं तत्त्व, की सॉफ्टवेअरचा भाग विस्ताराला उघडा आणि बदलाला बंद असावा, ते इथं कामाला आलेलं दिसतं.

मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी सोय. सीएसव्हीच्या दुभाष्याला नवी तऱ्हा शिकवायला प्रोग्रॅम लिहावा लागतच नाही. एक साचा भरायचा असतो. आपल्या फाइलमधला कुठला रकाना जागतिक संकेतातल्या कुठल्या घटकाला जातो, त्यात किती मिळवायचं, किती पटीने गुणायचं, किमान आणि कमाल मूल्य काय. हे पाऊस कळणारा पण पायथॉन न येणारा माणूसही लिहू शकतो. इथं दुभाष्याचं ज्ञान प्रोग्रॅमरच्या हातातून सुटून जाणकाराच्या हाती येतं.

पण त्याच साच्यातल्या किमान-कमाल या रकान्यांकडे बारकाईने पाहायला हवं. सीमेबाहेरचं मूल्य आलं तर ते ‘अनुपलब्ध’ करून टाकायची सोय अशा सॉफ्टवेअरमध्ये असते. हेतू चांगला असतो, बिघडलेल्या यंत्राचा कचरा जगभर जाऊ नये. आता २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला सुमारे ७३. एका दिवसाच्या पावसाची कमाल मर्यादा ५०० ठेवणाऱ्या दुभाष्याने सांताक्रूझचा आकडा पुसला असता. शेजारच्या केंद्राशी ताडून पाहणाऱ्यानेही तो पुसला असता. युरोपातल्या सपाट मुलखात बसून लिहिलेली वाजवी मर्यादा सह्याद्रीत वाजवी राहत नाही, आणि सह्याद्रीतली विदर्भात नाही. मर्यादा कुणीतरी ठरवणारच. ती ज्याच्या मुलखाबद्दल आहे त्याला बदलता येत नसेल, तर गाभ्यात बसलेली ती मर्यादा म्हणजे न सांगता घेतलेला निर्णय आहे. आणि असा निर्णय चुकीचा ठरतो तो नेमका महापुराच्या दिवशी.

जागतिक संकेताची बांधणी करणाऱ्यांना हे उमगलं होतं असं दिसतं. आज वापरात असलेला बफर हा संकेत कोष्टकांवर चालतो. प्रत्येक घटकाला क्रमांक असतो, त्याचं एकक आणि बारकावा कोष्टकात लिहिलेला असतो, संदेश फक्त क्रमांक सांगतो. नवा घटक आला की कोष्टकात एक ओळ वाढते, संकेत तोच राहतो. आणि त्या क्रमांकांचा एक पट्टा स्थानिक वापरासाठी मुद्दाम राखून ठेवलेला आहे. जगाने अजून विचार न केलेली, पण तुमच्या डोंगरात महत्त्वाची असलेली गोष्ट तुम्ही तिथं मांडू शकता. ‘नोंद नाही’ यासाठीही निराळी खूण आहे, त्या जागेचे सगळे बिट एक करून टाकायचे. शून्याशी तिची गल्लत होऊ शकत नाही. त्यातही पावसाचा अंश उणे ०.१ असा लिहिला जातो. न समजणाऱ्याने महिन्याची बेरीज केली तर पावसातून पाऊस वजा होईल. कितीही चांगला संकेत घ्या, जाणत्या दुभाष्याची गरज संपत नाही.

याच्या विरुद्ध बाजूला वजनदार युक्तिवाद आहे. चार विभाग पाठवणारे आणि पाच घेणारे असतील, तर प्रत्येक जोडीसाठी एक असे वीस दुभाषे लागतील. त्याऐवजी मध्ये एकच सर्वमान्य रूप ठरवलं, तर नऊ पुरतात. जोडण्या वाढतात तसा हा फायदा झपाट्याने वाढतो. शिवाय ज्याला त्याला दुभाष्या जोडू दिला की एकाच यंत्रासाठी तीन जणांचे तीन दुभाषे तयार होतात, तिघांचे आकडे वेगळे येतात, कुणाचा खरा हे कळत नाही. सरकारी यंत्रणेत बाहेरचा प्रोग्रॅम आत चालू देणं सुरक्षेच्या दृष्टीने धोक्याचं. लिहिणारा माणूस बदली होऊन जातो आणि त्याचा दुभाष्या बेवारस पडतो. म्हणून एकच मध्यवर्ती संघ, एकच रूप, एकच दुरुस्तीची जागा, असं ही बाजू म्हणते.

नऊ आणि वीसचा हिशेब मला मान्य आहे. सर्वमान्य रूप हवंच. पण असं रूप ठरवण्याच्या बैठकीला जे हजर असतात, त्यांच्याच गरजा त्यात उतरतात. पंढरपूरच्या पुराची चिंता करणाऱ्याला दर तासाचा पाऊस हवा असतो, पीकविम्याचा हिशेब करणाऱ्याला दिवसाचा, दरडीचा अंदाज बांधणाऱ्याला गेल्या कित्येक दिवसांची साचलेली ओल. ठरावीक रूपात दिवसाचा एकच आकडा बसत असेल, तर तासांचे आकडे दुभाष्याच्या हातून कायमचे गळतात. पुढे कुणाला ते हवे झाले तरी परत आणता येत नाहीत. एका रूपातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना प्रत्येक टप्प्यावर थोडं थोडं सांडतं. तिसऱ्या टप्प्यावरच्या माणसाला आपल्या हाती आलेलं तेवढंच मुळात होतं असं वाटतं. म्हणून सर्वमान्य रूपाच्या बरोबर मूळ संदेश जसाच्या तसा चालत राहिला पाहिजे. साठवण आज स्वस्त आहे. मूळ टाकून देण्याला आता आर्थिक सबब उरलेली नाही.

ही शिस्त आपल्या मुलखाला अपरिचित नाही. आदिलशाही कारभारात फारसी मजकुरासोबत त्याच कागदावर मोडीतला मराठी मजकूर असलेली द्विभाषी पत्रं निघत. मावळातल्या वतनदाराला मराठी कळे, दरबाराला फारसी. वाद उपस्थित झाला तर दोन्ही मजकूर शेजारी शेजारी तपासता येत. भाषांतर करणाऱ्यावर विश्वास होता, तरी मूळ फाडून टाकलं गेलं नाही. आणि मूळ टिकलं म्हणून आज इतिहासाच्या अभ्यासकाला ते भाषांतर पारखता येतं.

बेवारस दुभाष्याची आणि तीन वेगळ्या आकड्यांची भीतीही खरी आहे. पण दुभाषे गाभ्यात ओढून घेतल्याने ती जात नाही, फक्त दिसेनाशी होते. गाभ्यातला दुभाष्याही कुणीतरी लिहिलेलाच असतो, तोही माणूस नोकरी सोडून जातो. फरक एवढाच, की काठावरचा दुभाष्या चुकला तर एका केंद्राचे आकडे बिघडतात, गाभ्यातला चुकला तर सगळ्यांचे. खरा उपाय गाभ्याने काठाशी केलेल्या करारात आहे. तो करार थोडक्या कलमांचा असावा आणि त्यात सवलत नसावी. प्रत्येक रूपांतरित संदेशावर दुभाष्याचं नाव आणि आवृत्ती असावी, म्हणजे तिघांचे तीन आकडे आले तर कोणता कुणाचा हे लगेच कळेल. जे समजलं नाही ते समजलं नाही असंच सांगावं, अंदाजाने भरू नये. असा न समजलेला संदेश फेकून न देता वेगळ्या रांगेत ठेवावा आणि ती रांग रोज कुणीतरी माणसाने पाहावी. एकाच संदेशावर दोन दुभाषे हक्क सांगत असतील, तर कोणता निवडायचा याचा नियम उघड लिहिलेला असावा. यादीत जो आधी आला तो, असा योगायोग नको. आणि दुभाष्यासोबत त्या ठिकाणचे खरे संदेश तपासणीसाठी जोडलेले असावेत. मुसळधार पावसाच्या दिवसाचे, कोरड्या दिवसाचे, वीज गेलेल्या रात्रीचे. बदली होऊन आलेल्या नव्या माणसाला आधीचा काय समजून होता, हे त्या नमुन्यांवरून कळतं. दहा पानांच्या पुस्तिकेपेक्षा ते उपयोगी पडतं.

सुरक्षेचा आक्षेप सर्वांत कठीण आहे. धरणाच्या विसर्गाशी जोडलेल्या यंत्रणेत कुणाचाही प्रोग्रॅम चालू देऊ नये, हे रास्तच आहे. पण म्हणूनच साच्याची वाट महत्त्वाची. काठावरच्या माणसाने प्रोग्रॅम न देता साचा द्यावा. साच्याला हात-पाय नसतात, तो फाइल पुसू शकत नाही, बाहेर कुठं जोडणी करू शकत नाही. शेकडा नव्वद यंत्रांचं काम साच्याने भागेल असा माझा अंदाज आहे. उरलेल्या अवघड यंत्रांसाठी प्रोग्रॅम लागला तर तो वेगळ्या कप्प्यात, ब्रोकरच्या बाहेर चालवावा. तो पडला तरी ब्रोकर उभा राहतो. इन्फर्मेशन बसवाल्यांनी १९९३ मध्ये गाभा जितका अजाण ठेवता येईल तितका ठेवला, त्याचं फळ इथं दिसतं. ज्याला अर्थच कळत नाही, त्याला फसवून चुकीचा अर्थ पोचवता येत नाही.

बाहेर जाणाऱ्या संदेशांनाही हेच लागू आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘सचेत’ ही व्यवस्था सामायिक इशारा संकेतावर चालते. त्या संकेतात एकाच इशाऱ्याचे अनेक भाषांतले भाग असू शकतात, आणि तातडी, तीव्रता, खात्री यांची ठरावीक मूल्यं असतात. शिवाय एखाद्या यंत्रणेला आपली जादा माहिती जोडायला मोकळी जागा आहे. ती जागा नीरा खोऱ्यासाठी वापरून इशाऱ्यात विसर्ग क्युसेकमध्ये आणि तो वीरमधून कधी सुटला ती वेळ दिली, तर खालच्या गावातल्या शेतकऱ्याला मोटार कधी उचलायची हे त्याच्या त्याला ठरवता येईल. नदीकाठचा माणूस ‘अतिवृष्टीचा इशारा’ या शब्दांपेक्षा ‘वीरमधून इतके क्युसेक’ यावर जास्त अचूक हिशेब करतो. त्याने आयुष्यभर तोच हिशेब केलेला असतो.

पुण्यात ब्रोकर आणि मिडलवेअरवर काम करणारे हजारो अभियंते आहेत. हवामान खात्याचं शिवाजीनगरचं सिमला ऑफिस त्यांच्या कचेऱ्यांपासून काही किलोमीटरवर आहे, आणि हिर्डोशी पावसाळी सकाळी निघून दुपारी पोचण्याइतकी जवळ. देशाच्या हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून ज्या शहरात आलं, त्याच शहरात संदेश वाहून नेणारं सॉफ्टवेअर लिहिलं जातं. ही दोन कौशल्यं इतक्या जवळ असणारी जागा जगात फार नसेल. त्या अभियंत्यांना माझी विनंती आहे. तुमच्या लायब्ररीत नवा दुभाष्या जोडायला गाभा उघडावा लागतो का, ते या आठवड्यात तपासा. लागत असेल तर ती पहिली दुरुस्ती करा. मग रिकाम्या रकान्याचं तुमचा दुभाष्या काय करतो ते पाहा. तो तिथं शून्य भरत असेल, तर येत्या जूनच्या आत ते काढून टाका.